वस्तादांची दोन बोटं

हेंगयांग, ३ मार्च १९८७

वस्ताद, नमस्कार.

लोडर बनवणाऱ्या लोकांना एक हिवाळाभर आपल्या खाणीत कोंडून ठेवलं पाहिजे, असं तुम्ही नेहमी म्हणायचात. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, शहरातली पोरं सरकार खेड्यापाड्यांत पाठवत असे त्या काळात तियांजिनहून नुकतीच आलेली, आणि तुमच्या सीटला टेकून लिव्हर धरायला शिकत होते. आता लोडर बनवणारी मीच झाले आहे. तेव्हा कोंडायला जागा बघून ठेवा.

माझं यंत्र तयार झालं. एका वेळी पाच टन उचलणारं, बकेट तीन घनमीटरची. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर मी कमी केलं आहे, त्यामुळे ते पूर्वेकडच्या अरुंद टप्प्यावरही एका झटक्यात वळेल. तिथे तुम्ही जुन्या लोडरला चार वेळा मागेपुढे करत शिव्या घालायचात, त्या मला अजून पाठ आहेत.

सहा महिने खऱ्या खाणीत चाचणी घ्यायची आहे. कुठली खाण, असं विचारल्यावर मी क्षणाचाही विचार न करता बाइयाकौ म्हणाले. तुमच्या खाणीचे पक्षसचिव यान यांचं उत्तर तारेने आलं: यंत्र प्रांताच्या आदर्श कामगाराच्या हाती दिलं जाईल. म्हणजे तुमच्याच. आमच्याकडेही सगळ्यांना तेच हवं होतं. नवं यंत्र उत्तम हाताला द्यावं, ही रीतच आहे.

पणाला काय लागलं आहे तेही सांगते. ऑक्टोबरात समिती बसेल. एकीकडे माझं यंत्र, दुसरीकडे मुख्य अभियंता शेन यांच्या आरेखन-खोलीतलं. दोन्हींपैकी एकच कारखान्यात बनेल. दुसऱ्याचे नकाशे कपाटात जातील, आणि पाच वर्षांच्या कामाला वाळवी लागेल. तासाला किती टन माल भरला, डिझेल किती लागलं, टायर किती झिजले, एवढं लिहून पाठवा. आवारातल्या खडीवर मी स्वतः चालवून पाहिलं आहे. लोण्यात सुरी जावी तसं जातं.

तुमची रुओलान


बाइयाकौ दगडखाण, शान्शी, २९ मार्च

रुओलान पोरी,

तुझं कार्टं पोचलं. रेल्वेच्या वाघिणीतून उतरवताना सचिव यान स्वतः हजर. बॉनेटला लाल कापड, फटाक्यांची माळ, आणि माझ्या छातीवर भोपळ्याएवढं लाल फूल. भाषण चाळीस मिनिटं चाललं. तोवर इंजिन गार पडलं आणि तुझ्या काकूने घरून आणलेली राळ्याची पेजही.

मग मी चढलो. पहिली पायरी फार उंच केली आहेस, माझे पाय काही उंटाचे नाहीत. सीट दगड आहे. बाकी काय सांगू! सुरुंगाने फोडलेल्या ताज्या ढिगात पहिलीच बकेट काठोकाठ भरून आली. डंपरवाला खाली उतरून बघायला लागला. पूर्वेकडच्या टप्प्यावर मी एका फेरीत वळलो आणि उगाच दुसऱ्यांदाही वळून दाखवलं.

आकडे घे. तासाला दोनशे बारा टन. जुन्याचे दीडशे होते. डिझेल तासाला सतरा लिटर. टायर नव्या नवरीच्या बुटांसारखे. वजनकाट्यावरची छुइयिंग म्हणते, की काटाच बिघडलाय असं वाटून तिने तो दोनदा तपासला. ती जरा चोख बाई आहे, महिनाअखेरीला पावत्या परस्पर तुमच्याकडे टाकणार आहे.

तुझ्या त्या शेनला सांग, कपाट झाडून ठेव म्हणावं, नकाशे येताहेत.

काकूने काळ्या शिरक्याच्या दोन बाटल्या बांधल्या आहेत. तिकडे हुनानमध्ये नुसत्या मिरच्या खाऊन जीभ मेली असेल तुझी.

काओ शोउतियान


हेंगयांग, २० एप्रिल

वस्ताद,

शिरका पोचला. एक बाटली वाटेत फुटली, त्यामुळे टपालवाला मला दोन दिवस नावं ठेवत होता. उरलेली मी भाताबरोबर नाही, नुसतीच चाटते आहे.

तुमचं पत्र मी आमच्या आरेखन-खोलीत मोठ्याने वाचलं. उंटाच्या पायांपर्यंत सगळे हसले, दोनशे बारा हा आकडा दोघांनी परत वाचायला लावला. शेनसाहेब दारातून जाता जाता म्हणाले, “हे टन आहेत की म्हाताऱ्याचं प्रेम?” मी म्हटलं, “काटा प्रेम मोजत नाही साहेब, दगड मोजतो.”

एक विचारू? चाचणीच्या तक्त्यात दुसऱ्या पाळीचा रकाना कोरा आहे. तुमच्याशिवाय कोणी चालवत नाही का? थोडं दुसऱ्यांनाही चालवू द्या.

तुमची रुओलान


बाइयाकौ, ६ जून

रुओलान,

आकडे सोबत आहेत. सरासरी दोनशे नऊ. अकरा ते एकोणीस मे यंत्र उभं होतं, तेलाचा पाइप बदलायचा होता.

दुसऱ्या पाळीचं विचारतेस. आदर्श कामगाराच्या नावाने आलेलं यंत्र आहे, ते काय गावातलं जातं आहे कोणीही येऊन दळायला? तू नकाशे काढ, खाण आम्ही बघतो. गहू कापणीला आले आहेत. काकू बरी आहे.

काओ शोउतियान


हेंगयांग, २४ जून

वस्ताद,

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. रागावू नका.

तेलाचा पाइप दोन तासांत बदलतो. तो बदलायला मला तुम्हीच शिकवलं, उणे वीस अंशांत, हातमोजे काढून. नऊ दिवस लागत नाहीत. शिवाय छुइयिंगच्या पावत्या आल्या आहेत. त्या नऊ दिवसांत यंत्र उभं नव्हतं. त्याने रोज डंपर भरले, पण तासाला एकशे अठरा टनांनी. डिझेल तेवीस लिटर. आणि भांडारातून पुढचे दोन टायर उचलल्याची नोंद आहे.

मला वाटतं काय झालं असेल ते कळलं. तुम्ही सत्तावन्नचे झालात. डोळे असतील, कंबर असेल, बोटं आखडली असतील. ते तुम्ही मला कळू दिलं नाहीत. वस्ताद, यात लाजण्यासारखं काहीच नाही. सतरा वर्षं त्या दगडात काढल्यावर कोणाचीही हाडं बोलतील. डॉक्टरांना दाखवा. हवं तर चाचणी मी दुसऱ्या खाणीत हलवते, म्हणजे तुम्हाला ओझं होणार नाही.

तुमची रुओलान


बाइयाकौ, ५ जुलै

रुओलान,

म्हातारा झालो म्हणतेस? मला? काल दुपारी मी दोनशे अकरा टन भरले, मग घरी जाऊन पाणी ओढलं आणि काकूशी भांडलोही. तुझं पत्र वाचून काकू इतकी हसली की चुलीवरची भाकरी करपली. कंबर म्हणे! डोळे म्हणे! तू इथे असतीस तर कान धरून खाणीच्या तीन फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

आता खरं ऐक. ते सांगायचं नव्हतं म्हणूनच तो पाइप कागदावर बदलला होता.

अकरा मेला मी आदर्श कामगारांच्या संमेलनाला तायुआनला गेलो. नऊ दिवस. किल्ली दोऊ लाईफूकडे दिली. लाईफू सहा वर्षं लोडरवर आहे, शेजारच्या खाणीतून आला, माझ्या हाताखालचा नाही. परत येऊन बघतो तर पुढचे दोन्ही टायर फाटून आतलं कापड दिसतंय. मी त्याला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललो. तो म्हणाला, “काओदादा, यंत्र ढिगात शिरतच नाही. पुढची चाकं गरगर फिरतात.” मी म्हटलं, “गाढवा, नाचता येईना अंगण वाकडं!”

दुसऱ्या दिवशी त्याला चालवायला लावून मी बाजूला उभा राहिलो. खरंच चाकं फिरत होती. मग आणखी दोघांना बसवलं. तेच. मग मी स्वतः चढलो आणि लाईफूला शेजारी उभं केलं. पहिल्याच बकेटला तो ओरडला, “तुम्ही आत जायच्या आधीच उचलताय!”

मी म्हटलं, छे. तो म्हणाला, तुमची बोटं बघा.

पोरी, मी सतरा वर्षांत पहिल्यांदा माझी बोटं बघितली. बकेटचे दात दगडाला लागले रे लागले, की ही दोन बोटं आपोआप लिव्हर ओढतात, टिचभर, अर्ध्या श्वासापुरतं. बकेट किंचित वर जाते, ढिगाचा भार पुढच्या चाकांवर बसतो आणि चाकं जमीन धरतात. हे मी कधी ठरवून केलेलं नाही. पूर्वी टायर मागितला की वर्षभर कागद फिरायचा, तेव्हा चाक घसरू द्यायचं नाही एवढंच डोक्यात असायचं. बोटांनी ते शिकून घेतलं आणि मला सांगितलंच नाही.

आणि तूही तेच करतेस. तुझा हात मी धरून फिरवला आहे. म्हणून तुमच्या आवारातल्या खडीत ते लोण्यासारखं गेलं.

तेव्हा तुझ्या यंत्रात खोट आहे, आणि ती आपण दोघांनी मिळून झाकली. अंगण खरंच वाकडं होतं. लाईफूची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. ते मला जड गेलं, पण शिव्याही सगळ्यांसमोरच दिल्या होत्या.

आता माझा सल्ला ऐक. माझे आकडे खोटे नाहीत. दोनशे बारा टन काट्यावरून गेलेत. ते नऊ दिवस मी यंत्र उभं म्हणून लिहिलेच आहेत, छुइयिंगला मी समजावीन. ऑक्टोबरात समितीला माझे आकडे दाखव, यंत्र मंजूर करून घे, मग शांतपणे दुरुस्त कर. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाच वर्षं त्या शेनच्या कपाटात जाऊ देऊ नकोस.

काओ शोउतियान


हेंगयांग, १९ जुलै

वस्ताद,

आधी तुमचे पाय धरते. कंबर, डोळे, बोटं, सगळं परत घेतलं. बोटं तर विशेष.

तुमचं पत्र हातात घेऊनच मी आवारात गेले. ठरवलं, आज नवख्यासारखं चालवायचं. जमेना! दात लागले की बोटं ओढायचीच. दहा वेळा प्रयत्न केला. शेवटी लिव्हर सुतळीने बांधून टाकला, तेव्हा कुठे चाकं घसरली आणि मला माझं यंत्र पहिल्यांदा दिसलं. मग नकाशे उतरवणाऱ्या मुलीला बसवलं, जिने कधी सायकलही चालवलेली नाही. तिने ॲक्सिलरेटर दाबला आणि यंत्र ढिगासमोर तोंड टेकून नुसतं धुरळा काढत बसलं. अख्खी खोली खिडकीतून बघत होती. मला रडूही आलं आणि हसूही.

दोष कुठे आहे ते सापडलं. वळायला सोपं जावं म्हणून मी यंत्र आखूड केलं, आणि तीन घनमीटर माल बसावा म्हणून बकेटचा तळ लांब ठेवला. तळ लांब, म्हणून दातांपाशी जोर कमी. तुमच्या बोटांनी ती कमतरता भरून काढली. आता तळ तेरा सेंटिमीटर आखूड करते आणि बकेट जिच्यावर फिरते ती खालची पिन मागे घेते. मग चालकाने सरळ आत शिरून बकेट नुसती मागे वळवली तरी भार आपोआप चाकांवर येईल. पण बकेट तीनऐवजी दोन पूर्णांक सात दशांश घनमीटरची होईल. शेनसाहेबांची तीनचीच आहे. ते म्हणाले, “लोक वाढवतात, तू कमी करतेस. समितीला पहिला आकडा हाच दिसतो.” मी म्हटलं, दिसू दे.

मूठ झाकायची नाही, वस्ताद. देशभरात हजार यंत्रं जातील आणि हजार लाईफू त्यांच्यावर बसतील. प्रत्येकाला त्याचा वरिष्ठ गाढव म्हणेल. तुम्ही निदान माफी मागितलीत.

नवी बकेट आणि पिनांचा सांगाडा वीस ऑगस्टपर्यंत वाघिणीतून येईल. आता जे मागते आहे ते मागायला जीभ रेटत नाही. नव्या चाचणीत तुम्ही यंत्राला हात लावायचा नाही. लाईफूला बसवा, आणि एखाद्या अगदी नवख्या माणसाला. तक्त्यात तुमचं नाव नसेल. मला लोडर तुम्ही शिकवलात, आणि मीच म्हणते आहे की तुमचे हात मला आता नकोत. दुखेल ते मला ठाऊक आहे.

तुमची रुओलान


बाइयाकौ, १७ सप्टेंबर

रुओलान पोरी,

उत्तर उशिरा देतोय, कारण दुखलंच. खोटं कशाला बोलू?

तुझी बकेट वीस ऑगस्टला आली आणि आठवडाभर ताडपत्रीखाली पडून राहिली. मी रोज तिच्यावरून जात होतो, बघत नव्हतो. काकू म्हणाली, “मुलीने एक गोष्ट मागितली, आणि हा रुसून बसलाय! सासरी निघालेली नवरी तरी इतकी रुसत नाही.” आठव्या दिवशी ताडपत्री काढली.

सचिव यान आडवे आले. म्हणाले, “आदर्श कामगाराचं यंत्र दुसऱ्याला दिलं तर प्रांताला काय सांगू? काओंची चूक झाली का?” मी म्हटलं, “हो, झाली. मी फार चांगलं चालवतो ही चूक झाली.” त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्यांनाच धरून यंत्रावर बसवलं, बकेट जुनीच होती अजून. सचिवांनी ढिगासमोर चाकं फिरवून असा धूर काढला, की स्वतःच खोकत उतरले. उतरून म्हणाले, “दे लाईफूला.”

लाईफूबरोबर नवखं कोण, तर छुइयिंग. ती म्हणाली, “पाच महिने तुमचे दगड मोजतेय, एकदा उचलूनही बघते.” पंधरा दिवस मी तिला शिकवलं. फक्त शिरायचं, वळवायचं, मागे यायचं. बोटांचं काही सांगितलं नाही. ओठ चावून गप्प राहिलो, हे लिहून ठेव.

मग मी चहाचा झाकणाचा कप घेऊन दगडावर बसलो आणि वही धरली. लाईफू: तासाला एकशे ब्याण्णव. डिझेल अठरा. टायर शाबूत. छुइयिंग: एकशे शहात्तर! जुन्या लोडरवर मला इथवर यायला किती वर्षं लागली ते विचारू नकोस, कधी आलोच नाही. शेवटच्या दिवशी ती हसत हसत उतरली. मी तिला म्हटलं, “पायरी उंच आहे ना?” तर म्हणते, “कुठली पायरी?”

चाचणी संपल्यावर, तक्त्याच्या बाहेर, मी एक तास चालवलं. राहवलं नाही. दोनशे दोन टन.

म्हणजे काय झालं बघ. जुन्या बकेटने मी लाईफूपेक्षा चौऱ्याण्णव टनांनी मोठा होतो. आता दहा टनांनी आहे. त्या दुपारी मी बराच वेळ खाली उतरलो नाही. वाईट वाटलं मला. सतरा वर्षांची कमाई तू तेरा सेंटिमीटर लोखंड कापून सगळ्यांना वाटून टाकलीस. मग लाईफू चहा घेऊन वर आला आणि म्हणाला, “काओदादा, ते दहा टन कसे करता ते तरी शिकवा.” शिकवतोय.

आकडे सोबत आहेत. छुइयिंगचा शिक्का आहे. आणि मेमधले ते नऊ दिवसही खरे लिहिले आहेत.

काओ शोउतियान


हेंगयांग, १९ ऑक्टोबर

वस्ताद,

मंजूर!

आता नीट सांगते. शेनसाहेबांनी आधी मांडलं. तीन घनमीटर, दोनशे पाच टन, चालक त्यांच्या प्रांताचा आदर्श कामगार. मग मी. दोन पूर्णांक सात, एकशे ब्याण्णव आणि एकशे शहात्तर. खोलीत चुळबुळ झाली. अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, “बाइयाकौचा काओ शोउतियान प्रसिद्ध माणूस आहे. त्याचे आकडे कुठे आहेत?” मी मार्चपासूनचं सगळं सांगितलं, पाइप, टायर, बोटं, सचिवांचा धूर. शेवटी म्हटलं, आमच्या सर्वांत चांगल्या चालकाने ही चाचणी हाताची घडी घालून घेतली आहे.

अध्यक्षांनी छुइयिंगच्या ओळीवर बोट ठेवलं. “वजनकाट्यावरची? पंधरा दिवसांत?” मग त्यांनी शेनसाहेबांना विचारलं, “तुमचं यंत्र दुसऱ्या कोणी चालवलंय?” शेनसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, “नाही. आम्हीही उत्तम हातालाच दिलं.” खरं सांगते, त्यांनी ते ज्या सरळपणे सांगितलं, त्याने मला त्यांचा आदर वाटला. बाहेर येऊन म्हणाले, “पायरी मात्र खाली घे, रुओलान.” घेतली आहे.

आता काम. नकाशाच्या कोपऱ्यात तीन रकाने असतात: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. बकेट आणि पिनांच्या नकाशावर काढणारी म्हणून माझं नाव आहे. तपासणारा म्हणून मी तुमचं लिहिलं. नोंदणी विभागाने हरकत घेतली, की हा माणूस अभियंता नाही. मी म्हटलं, मग ही खोट तुमच्या कुठल्या अभियंत्याने पकडली ते सांगा, त्याचं नाव लिहिते. नाव राहिलं. निळी प्रत सोबत पाठवते. प्रांताने दिलेल्या लाल प्रशस्तिपत्रांच्या शेजारी लावा.

तुमची रुओलान


बाइयाकौ, २ नोव्हेंबर

रुओलान,

नकाशा मिळाला. काकूने पुसून घेतलेल्या भिंतीवर खिळाही ठोकला होता. मी प्रत जेवणाच्या टेबलावर पसरली आणि चार संध्याकाळी बसलो. लाईफूही होता.

डाव्या बाजूच्या खालच्या पिनला ग्रीस भरायचं तोंड आतल्या अंगाला काढलं आहेस. तिथे ग्रीसगन पोचत नाही. थंडीच्या दिवसांत चालकाला चिखलात पाठीवर झोपावं लागेल. कोणी झोपणार नाही, आणि वर्षात पिन झिजून जाईल. तोंड बाहेर काढ. मी लाल पेन्सिलीने खूण केली आहे.

भिंतीवर अजून लावला नाही. दुरुस्त प्रत पाठव, ती लावीन. तोवर एकही यंत्र कारखान्याबाहेर जाऊ देऊ नकोस. खाली माझं नाव आहे.

काओ शोउतियान